कशावरून

आई, उद्या मला चाकणला जायचं आहे. आज रविवार आहे. खाली कुणीतरी गाडी धुतं आहे, त्या पाण्याचा आवाज वर येतो. विश्रांतवाडीतली खोली तीच आहे, ओटाही तोच. तू जिथे पोळपाट ठेवायचीस तिथे कागद ठेवून मी उभ्यानेच लिहितो आहे, कारण बसलं की पाय हलायला लागतात. तुला माझं काम काय ते माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तिसरं वर्ष मी पाहिलंच नाही. मग दोन-तीन दुकानांत संगणक दुरुस्त केले, संध्याकाळच्या क्लासला बसून प्रोग्रॅमिंग शिकलो, आणि आता कर्वेनगरच्या एका छोट्या ऑफिसात आहे. कारखान्यातल्या यंत्रापाशी जो संगणक असतो, त्याच्या स्क्रीनवरची बटणं, चौकटी, पट्ट्या मी तयार करतो. त्या एरवी कशा दिसाव्यात, बोट ठेवल्यावर कशा, बंद असताना कशा, धोका असताना कशा. हो, रंगसुद्धा. हे ऐकून तू हातातलं लाटणं बाजूला ठेवलं असतंस आणि आधी दार लावून घेतलं असतंस.

घाबरू नकोस, संगणकात रंगाला आकडे असतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती, हे तीन आकड्यांत लिहिलेलं असतं आणि आकडे मला वाचता येतात. नावंही दिलेली असतात. मी नाव वाचतो, आकडा वाचतो, आणि समोर जे दिसतं त्याच्याकडे फारसं बघतच नाही. ऑफिसात सगळे म्हणतात की मी फार काटेकोर आहे, एका अक्षराची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. ते खरं आहे. का सुटत नाही हे मात्र तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

तुझं मॅचिंग सेंटर आता तिथे नाही, त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. पण मला ते दुकान अजून पाठ आहे. मी दुसरी-तिसरीत आहे, शाळा सुटल्यावर काउंटरच्या आत, खालच्या फळीवर बसून गृहपाठ करतो आहे. वर तू उभी आहेस. बायका पिशवीतून साडी काढतात, पदराचं टोक काउंटरवर पसरतात, आणि तू मागे न बघता हात लांब करून ब्लाउजपीसचा नेमका गठ्ठा ओढतेस. डाळिंबी, मोरपंखी, शेवाळी, अबोली, चिंतामणी. ही नावं मी तिथेच शिकलो, पण शब्द म्हणून. कापडाच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचून मी ती लक्षात ठेवली होती. एक दिवस गर्दी आहे, तू शिडीवर चढली आहेस, आणि एक बाई वाकून मला म्हणते, "तो डाळिंबी दे रे बाळा, तुझ्या पायाशी पडलाय तो." पायाशी दोन तुकडे पडले आहेत, दोन्हींची चिठ्ठी निघालेली. मी त्यातला एक देतो. बाई आधी तुकड्याकडे बघते, मग माझ्याकडे, आणि हसायला लागते. "अहो, तुमच्या पोराने मला शेवाळी दिलाय. मी काय झाडाच्या पानांत लपून बसू का?" दुकानातले सगळे हसतात. तू शिडीवरूनच म्हणतेस, मस्करी करतो हो, फार द्वाड आहे. मग खाली उतरतेस, मला पडद्यामागे नेतेस आणि दंडाला असा चिमटा काढतेस की रडायलाही सुचत नाही. "येत नसेल तर हात लावायचा नाही," तू अगदी हळू म्हणालीस. "आणि लोकांत रंग विचारायचा नाही. कधी म्हणजे कधीच नाही." मला चिमट्यापेक्षा तुझ्या आवाजाची भीती वाटली, कारण तू रागावलेली नव्हतीस. तू घाबरली होतीस.

त्याच संध्याकाळी ओट्यापाशी तुझी शाळा सुरू झाली. माझ्या हातात दोन टोमॅटो दिलेस आणि पिकलेला कुठला ते विचारलंस. मी एक पुढे केला. तू म्हणालीस, "कशावरून?" मला वाटलं चुकलं, म्हणून दुसरा पुढे केला. पुन्हा तेच, "कशावरून?" मी रडकुंडीला आल्यावर तू माझा अंगठा धरून टोमॅटोच्या देठापाशी नेलास. हा दबतो, त्यावरून. याला वास आहे, त्यावरून. मग रोज काही ना काही. सुकलेली मिरची खडखडते त्यावरून, पेरू बोटाने टकटक केल्यावर बद्द वाजतो त्यावरून, सिग्नलला वरचा दिवा लागला त्यावरून. तुला नुसतं बरोबर उत्तर चालायचं नाही. शेजारच्या काकू ऐकून म्हणायच्या, काय बाई, पोराला कोर्टात उभं करतेस काय. तू हसून वेळ मारून न्यायचीस. चित्रकलेसाठी तेलखडूंचा डबा आणलास तेव्हा रात्रीतून एकेका खडूला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहिलंस. लाल, हिरवा, पोपटी, शेंदरी. 'तपकिरी' लिहिताना की दीर्घ काढलीस. शाळेत शिकवलं होतं की ती ऱ्हस्व, आणि मी पेन्सिल घेऊन दुरुस्त करायला गेलो, तर तू म्हणालीस, राहू दे, खडू तोच आहे ना. तो डबा माझ्याकडे आहे. खडू झिजून संपले. पट्ट्या आहेत.

आजोबांचं, तुझ्या वडिलांचं, तू मला एकदाच सांगितलंस. त्यांना एसटीवर ड्रायव्हर व्हायचं होतं, गाडी उत्तम चालवायचे, सगळ्या परीक्षा झाल्या. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडून यात कुठला आकडा दिसतो ते विचारलं. आजोबांना नुसते ठिपकेच दिसले. बाहेर बाकावर बसलेल्यांनी ते ऐकलं, आणि पुढे आयुष्यभर वस्तीत त्यांना आकडा विचारत राहिले. हे सांगताना तू भाजी निवडत होतीस आणि मान वर केली नाहीस. नंतर मी वाचलं की हे आईच्या वडिलांकडून आईतून मुलाकडे येतं आणि आईला स्वतःला बहुधा सगळं स्वच्छ दिसतं. पुण्यातल्या कुठल्याही साडीला न बघता कापड जुळवणारी तू, आणि ते तुझ्याच मार्गाने आलं. तुला हे माहीत होतं का? लग्नकार्यात कुणीतरी माझी हनुवटी धरून म्हणायचं, डोळे अगदी आईवर गेलेत हो याचे. तू लगेच म्हणायचीस, नाक मात्र ह्यांचं. तेव्हा मला वाटायचं तुला कौतुकाची लाज वाटते.

तू गेल्यावर मी तुझा नियम पाळला, आई. गाडी चालवत नाही, बसने जातो, आणि सांगतो की बसमध्ये वाचन होतं. कपडे पांढरे, करडे आणि निळे. निळा मला दिसतो, निळ्याबद्दल कुणाला काही विचारावं लागत नाही. एप्रिलमध्ये जयंतीला वस्तीभर निळे झेंडे लागतात तेव्हा त्या आठवड्यात मी मान वर करून चालतो. तसाच आणखी एक निर्धास्त दिवस रंगपंचमीचा. सगळ्यांचे सगळे रंग एकमेकांत गेलेले असतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. बाकीचे दिवस असे की कुणी "तो हिरवा फोल्डर दे" म्हणालं की मी आधी कानाला फोन लावतो.

ऑफिसात आमच्या वर ज्या मॅडम आहेत त्या कोथरूडच्या. तुझ्याच वयाच्या असतील, म्हणजे तू असतीस तर. सगळ्यांना अहो-जाहो करतात आणि त्यातच चिमटे काढतात. मी नवीन असताना एकाच स्क्रीनवर बारीक फरकाची बरीच बटणं केली होती, प्रत्येकाचं सगळं पहिल्यापासून लिहून. त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आपल्याला टाइपिंगचे पैसे मिळतात असा समज आहे का?" मग समजावून सांगितलं. बटण कसं दिसेल ते जिथे लिहितात त्याला स्टाइल म्हणतात. एक मूळ बटण करायचं. त्याची उंची, अक्षरं, कडा, सगळं एकदाच ठरवायचं. पुढचं बटण लिहिताना फक्त म्हणायचं की हे त्याच्यावरून. जेवढं वेगळं हवं तेवढंच लिहायचं, न लिहिलेलं सगळं वरून आपोआप येतं. आणि हे लिहायला विसरलं तर बटण पोरकं होतं, मूळ बटणातलं त्याला काहीच मिळत नाही. इंग्रजीत त्या जागी 'बेस्ड ऑन' लिहायचं असतं. मॅडम मात्र स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "कुठलंही बटण आकाशातून पडत नाही. हे कशावरून? ते आधी लिहा." मी दचकलो. एवढ्या वर्षांत तो शब्द त्या स्वरात कुणी माझ्यासमोर उच्चारला नव्हता. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो.

आता चाकणचं. तिथे एका कारखान्यात लोखंडाचे भाग तापवायची भट्टी आहे, गॅसवर चालते. आजपर्यंत तिच्यासमोर जुनं पॅनेल होतं, काचेच्या बोंडांचे दिवे आणि दाबायची बटणं. ते काढून आमची स्क्रीन बसणार आहे. जुनं पॅनेल बघायला गेल्या महिन्यात मी गेलो होतो. भट्टीवर एक काका असतात, पन्नाशीच्या पुढचे, मानेला टॉवेल गुंडाळलेला. पॅनेलवरच्या प्रत्येक दिव्याखाली दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर बॉलपेनने एकेक अक्षर. चा, बं, धो. त्यांचा मॅनेजर हसून मला म्हणाला, काकांनी इथे बालवाडी काढली आहे. मी वही बाहेर काढली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की या पट्ट्या कशासाठी. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्या पाळीची पोरं नवी हायेत. त्यांच्यासाठी चिकटवल्यात." आई, ते इतकं सफाईने म्हणाले की मला खात्रीच पटली. खरं कारण सांगणारा माणूस एवढ्या चटकन सांगत नाही. मीही असंच सांगतो, दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. मॅनेजर पुढे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. टॉवेलने हात पुसले, पुसलेलेच परत पुसले, आणि विचारलं, "नव्या यंत्रावर पट्टी चिकटंल का ओ, साहेब?" मी म्हणालो की काच असते, चिकटेल, पण दिवा एका जागी राहत नाही, चित्रं बदलतात. ते "हां" म्हणाले. मग जरा वेळाने परत "हां" म्हणाले. गॅसची झडप उघडी असताना भट्टीचं दार उघडलं तर ज्वाळा बाहेर येते, हे मला मॅनेजरने नंतर चहा पिताना सांगितलं. झडप उघडी की बंद, ते जुन्या पॅनेलवर दोन दिव्यांतला कुठल्या रंगाचा लागला त्यावरून कळतं. आणि काकांना, पट्टीवरून.

तिथून आल्यापासून मला नीट झोप नाही. काम मात्र मी करत होतो, आणि इथेच ते झालं. आमच्या मूळ फाईलमध्ये धोक्याच्या रंगाला जे नाव दिलं आहे ते कुणीतरी पूर्वी चुकीचं लिहून ठेवलं आहे, 'अलार्म'च्या जागी 'अलराम'. सगळीकडे तसंच वापरलंय म्हणून कुणी बदलत नाही. ते नाव वाचलं की मला भातातला खडा दाताखाली आल्यासारखं होतं. एका दूध डेअरीच्या जुन्या कामात रंगांची एक फाईल मला सापडली, तिच्यात सगळी नावं शुद्ध होती. मी ती उचलून भट्टीच्या स्क्रीनमध्ये घातली आणि बटणांत 'अलराम'च्या जागी तिच्यातलं शुद्ध नाव लिहिलं. संगणक नाव शोधताना आधी जवळ बघतो. जवळच सापडलं तर मूळ फाईलपर्यंत वर जातच नाही. डेअरीच्या मालकांना स्क्रीनवर लाल नको होता, बघायला येणारी माणसं घाबरतात म्हणून, तेव्हा त्यांच्या फाईलमध्ये धोका हिरवा होता. त्या जागी आकडा असता तर मी वाचला असता. पण तिथे आकडा नव्हता, दुसऱ्या एका नावाचा हवाला होता, आणि त्याचंही स्पेलिंग बरोबर होतं. मी त्या हवाल्याच्या मागे गेलो नाही. नाव शुद्ध दिसलं आणि मी विश्वास ठेवला.

शुक्रवारी सकाळी मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. भट्टीची स्क्रीन चालू होती आणि मी मुद्दाम धोक्याची स्थिती लावून तपासत होतो. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी धोका हिरवा असतो का?" मला कळलंच नाही त्या काय म्हणतायत. मी स्क्रीनकडे बघितलं, मला ते बटण लालच वाटत होतं, म्हणजे जे मी लाल म्हणून धरतो तसं. मग मला समजलं. मी म्हणालो, तात्पुरतं ठेवलंय. त्यांनी फाईल उघडायला लावली, वाचली, आणि त्यांच्या लक्षात आलं. "वा," त्या म्हणाल्या. "भट्टी पेटेल तेव्हा निदान शुद्धलेखन तरी बरोबर असेल." पलीकडच्या टेबलांवर हसू आलं. मीही हसलो. मग त्यांनी बाकीच्या स्क्रीन बघितल्यात का म्हणून विचारलं आणि मी सगळ्या बघितल्या म्हणून सांगितलं.

"कशावरून?"

मी पहिली स्क्रीन पुन्हा उघडायला लागलो. त्या माझा आळस समजल्या आणि गेल्या. पण आई, मी खरंच बघितल्या होत्या, दोनदा, आणि तरीही कशावरून ते मला सांगता येत नव्हतं. डेअरीची फाईल मी लगेच काढून टाकली, बटणांत 'अलराम' परत लिहिलं, धोका लाल झाला असं शेजारच्याने सहज बोलताना म्हटलं आणि त्यावरून मला कळलं. तरी दिवसभर मी एकेका स्क्रीनचे आकडे वाचत बसलो. त्यात चूक नव्हती. पण चूक नाही हे मला दिसत नव्हतं, वाचावं लागत होतं. आणि चाकणला जो उभा राहणार आहे त्याच्यासमोर तर आकडेही नसतील.

मग मी ते केलं. मूळ बटणातच एक छोटी जागा केली. बटण ज्या स्थितीत असेल तिचं नाव त्या जागी येईल: चालू, बंद, उघडी, धोका. तिथे एकदाच लिहिलं आणि त्याच्यावरून आलेल्या सगळ्या बटणांवर, सगळ्या झडपांवर शब्द उमटले. बटणं थोडी रुंद झाली, दोन ठिकाणी ओळ खाली सरकली, ते सगळं नीट लावलं. काम झाल्यावर मी खुर्चीत मागे टेकून बघितलं. फार वर्षांनी एखादी स्क्रीन मला नुसती बघून कळत होती.

काल शनिवार, अर्धा दिवस. बाकीचे निघाले होते. मॅडमनी सोमवारसाठी शेवटचं म्हणून सगळं उघडायला सांगितलं आणि चष्मा वर केला.

"हे बटण आहे की दुकानाची पाटी?"

मी म्हणालो, स्थिती लिहिली आहे. त्या म्हणाल्या की रंग दिसतोय, मग शब्द कशाला, त्या लोकांनी मागितलेत का. मी नाही म्हणालो. "मग काढा. सोमवारी त्यांच्यापुढे अक्षरांची जत्रा नको." मी उंदीर हातात धरला, माउस गं, आणि सोडून दिला. मी म्हणालो, लागतील ते शब्द, मॅडम.

"कशावरून?"

मी काकांचं सांगू शकत होतो. ते ओठांवर आलं होतं. त्यांच्या पट्ट्यांचं सांगितलं असतं तर मॅडमनी मॅनेजरला फोन केला असता, मॅनेजरने काकांना ऑफिसात बोलावलं असतं, आणि कुणीतरी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं असतं. गॅसच्या भट्टीवर अशा माणसाला कुणी ठेवणार नाही. ते बरोबर की चूक हे मला ठरवता येत नाही, आई, मी त्याच्यावर आजही विचार करतो आहे आणि मला त्याचीही भीती वाटते. पण ते सांगायचं त्यांचं आहे. दुसरी कुठलीही खोटी सबब मला सुचत नव्हती, आणि मॅडम वाट बघत होत्या, टोमॅटो हातात धरून तू बघायचीस तशा.

"माझ्यावरून," मी म्हणालो.

त्यांना समजलं नाही. मी सांगितलं की मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, जन्मापासून. शुक्रवारचं ते तात्पुरतं नव्हतं, मला दिसलंच नव्हतं. मॅडमनी चष्मा काढला. माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत राहिल्या, एकेका बटणाकडे. मग विचारलं की इतकी वर्षं हे सगळं मी कसं केलं. आकडे वाचून, मी म्हणालो, आणि नावं. त्यांच्या तोंडून काहीतरी लागट येईल म्हणून मी थांबलो होतो. आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "सोमवारी बोलू."

एवढंच. मी ते दोन शब्द कालपासून उलटेपालटे करून बघतो आहे. सोमवारी गाडीत बोलू, की चाकणहून आल्यावर बोलू, की मालकांसमोर बोलू. शब्द काढा असं त्या आधी म्हणाल्या होत्या, ते त्यांनी मागे घेतलेलं नाही. राहू द्या असंही म्हटलेलं नाही. मी काढले नाहीत. उद्या भट्टीसमोर जी स्क्रीन लागेल ती शब्दांसकट आहे, आणि काका तिच्यासमोर उभे राहतील. ते वाचतील, किंवा माझ्याकडे बघतील, आणि मला कळेल की त्यांना कळलं आहे. मॅनेजर हसेल की बालवाडी आता संगणकात आली. त्या वेळी मॅडम काय म्हणतील ते मला माहीत नाही. कदाचित तिथेच सांगतील, सहज, यांना रंग दिसत नाहीत ना म्हणून. आणि मग मी तिथून बाहेर कसा येईन ते मी अजून ठरवलेलं नाही. बसचा थांबा कारखान्यापासून लांब आहे, एवढं मी बघून ठेवलं आहे.

तुझा नियम मी मोडला, आई. तू तो कशासाठी केला होतास ते मला ठाऊक आहे. तू बाकावर बसलेल्या त्या माणसांना घाबरत होतीस. मीही घाबरतो, तुझ्यापेक्षा जास्तच. पण मला वाटतं टोमॅटोची शाळा आणि पडद्यामागचा चिमटा ह्या दोन्ही गोष्टी एकत्र पाळता येत नाहीत. एक दिवस कुणीतरी कशावरून म्हणून विचारतंच.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून शुद्धलेखन तपासणार नाही असं सुरुवातीला ठरवलं होतं. आत्ताच दोन वेलांट्या नीट केल्या. आता हे घडी करून खडूंच्या डब्यात ठेवीन. डब्याच्या वर भिंतीवर तुझा फोटो आहे, मी मोठा करून घेतलेला. दुकानदाराने विचारलं होतं की साडीचा रंग जरा उठाव देऊन काढू का, आणि मी हो म्हणालो होतो. घरी येणाऱ्यांना मी सांगतो की ती डाळिंबी साडी, तुझी आवडती. कुणी कधी हटकलं नाही. पण ते मी चिठ्ठी नसलेल्या कापडाबद्दल सांगतो आहे. साडी कुठल्या रंगाची आहे ते मला माहीत नाही. पप्पा आता गावी असतात, त्यांना माहीत असेल. त्यांना विचारायचं तर आधी बाकीचंही सांगावं लागेल, जे तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. काल एकदा सांगून झालंय, तर दुसऱ्यांदा सोपं जाईल असं मला वाटलं होतं. मघाशी लिहिता लिहिता मधेच थांबून मी त्यांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. मी जेवलात का, एवढंच विचारलं.